हायफनकाकांची निळी पेन्सिल

परवा छापखान्यातून फोन आला. माझ्या फ्रेंच क्रियापदांच्या पुस्तकाची सातवी आवृत्ती निघते आहे आणि तिला नवं मनोगत हवं आहे. सध्याचे मालक हे आधीच्या मालकांचे जावई. माणूस उत्साही. म्हणाले, “बाई, जुन्या लोकांचे एक-दोन किस्से टाका ना. हायफनकाकांचा तर टाकाच! आमच्याकडे अजून चालतो तो.”

“चालतो म्हणजे?”

“म्हणजे प्रूफात मोठी चूक सापडली की आमचे लोक म्हणतात, हा बघा, निघाला एक हायफनकाका. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावतात, बाकी काय वाटेल ते कर, पण हायफनकाका करू नकोस.”

ते हसले. मीही हसले, हे आधी लिहून टाकते. बावीस वर्षं मी या विषयावर वेळेवर हसत आले आहे. फोन ठेवला तेव्हा समोरच्या कोऱ्या कागदावर ‘मनोगत’ एवढा एकच शब्द लिहिलेला होता.

हायफनकाका छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापायला जाण्याआधी प्रत्येक पान वाचून चुका काढायच्या, हे त्यांचं काम. खिडकीजवळचं टेबल, एक पाय आखूड असलेलं, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. टेबलावर एक स्टीलची पट्टी, पेन्सिलींचा भुसा टाकायला कान तुटलेला कप आणि दोन पेन्सिली. लाल पेन्सिल छापखान्याच्या चुकांसाठी. निळी लेखकाच्या चुकांसाठी. लाल पेन्सिल ते बिनधास्त चालवायचे, अक्षर खोडायचे, ओळ फिरवायचे. निळ्या पेन्सिलीने मात्र त्यांनी कधी एक वेलांटीसुद्धा बदलली नाही. समासात छोटं प्रश्नचिन्ह काढायचं आणि गप्प बसायचं. “लेखकाच्या मजकुराला हात लावायचा नाही,” ते म्हणायचे. “विचारायचं. बदलायचं की नाही ते त्यानं ठरवावं.”

हायफनकाका हे नाव पडलं ते शब्द तोडण्याच्या कसबामुळे. ओळ संपत आली आणि लांब शब्द मावेना, की तो कुठे तोडून आडवी रेघ द्यायची, हे त्यांना सात भाषांमध्ये ठाऊक होतं. त्यांतल्या सहा भाषा त्यांना येत नव्हत्या. नियमांची हाताने शिवलेली वही होती, तीही आता पाठ झालेली. लागोपाठ तीन ओळींच्या शेवटी रेघ आली की ते अस्वस्थ व्हायचे. “जिना झाला,” म्हणायचे, आणि तो जिना मोडेपर्यंत चहाला उठायचे नाहीत. त्यांची बायको सगळ्यांना सांगायची, “आमच्या ह्यांना एकही परकी भाषा बोलता येत नाही, पण तोडता सगळ्या येतात.”

मी तेव्हा तीस वर्षांची होते. भाषा शिकवणाऱ्या एका संस्थेत हंगामी शिक्षिका. कायम व्हायचं तर नावावर एक पुस्तक हवं, असा नियम निघाला होता, आणि माझ्या नावावर तेव्हा सायकलशिवाय काही नव्हतं. म्हणून मी साठ फ्रेंच क्रियापदांचे तक्ते करायला घेतले. एका पानावर एक क्रियापद. डावीकडे त्याची रूपं, उजवीकडे तीच रूपं उच्चारांप्रमाणे तुकडे पाडून, मध्ये आडव्या रेघा देऊन. विद्यार्थ्याने रेघा बघायच्या आणि तसं म्हणायचं.

आता थोडं फ्रेंच सांगते, कारण सगळं रामायण त्यातच आहे. ही भाषा लिहिते एक आणि बोलते एक. parle म्हणजे ‘बोलतो’, उच्चार ‘पार्ल’. parlent म्हणजे ‘बोलतात’. शेपटीला अक्षरं वाढली, पण उच्चार तोच, ‘पार्ल’. ती शेपटी कागदावर असते, तोंडात नसते. तो बोलतो आणि ते बोलतात, कानाला सारखंच. पहिल्या आठवड्यातच मी मुलांना हे शिकवते, आणि मुलं दरवर्षी मला ‘मग लिहितात कशाला?’ असं विचारतात.

छपाईचा कायदा मात्र वेगळा. ओळीच्या शेवटी parlent मावत नसेल तर par- वर तोडून lent खालच्या ओळीत नेता येतो. parle तोडायचा नाही, कारण खाली दोनच अक्षरं एकटी पडतात आणि वाईट दिसतात. हा कायदा डोळ्यांसाठी आहे. त्याचा जिभेशी काही संबंध नाही.

आणि मी काय केलं? पहिली दहा क्रियापदं मोठ्याने म्हणत, बोटं मोजत नीट केली. मग कंटाळले. संस्थेच्या कपाटात छपाईवाल्यांसाठीचा एक जुना जाडजूड कोश होता, त्यात प्रत्येक रूप कुठे तोडायचं ते दिलेलं होतं. उरलेली पन्नास क्रियापदं मी तिथून उतरवून काढली. अकरा दिवसांत काम फत्ते. आणि सगळं एकसारखं दिसावं म्हणून पहिली दहाही त्याच कोशाबरहुकूम ‘सुधारली’. माझ्या तक्त्यांमध्ये ‘तो बोलतो’ अखंड राहिला आणि ‘ते बोलतात’चे दोन तुकडे झाले. पानोपानी.

प्रूफं घेऊन काका स्वतः संस्थेत आले, कारण आमचा शिपाई पत्ता चुकण्यात पटाईत होता. माझा वर्ग चालू होता. ते बाहेरच्या बाकावर बसले. आत मुलं माझ्यामागून घोकत होती, ज पार्ल, त्यु पार्ल, ईल पार्ल, नू पार्लों, वू पार्ले, ईल पार्ल. मी दारातून पाहिलं, तर काका मांडीवरच्या फाईलवर बोटाने ठोके देत होते. एक, एक, एक, दोन, दोन, एक.

वर्ग सुटल्यावर त्यांनी पहिलं पान उघडलं. शेवटच्या रूपापुढे निळं प्रश्नचिन्ह होतं.

“बाई, एक विचारू का? मला फ्रेंच येत नाही, आधीच सांगतो. पण मुलं म्हणत होती ते शेवटचं मला एकाच ठोक्याचं ऐकू आलं. इथे दोन तुकडे आहेत. ओळ तोडायची असती तर मीही इथेच तोडली असती. पण हे पुस्तक तोंडासाठी आहे ना? कागदावर तुटतं ते तोंडात तुटतंच असं नाही.”

मला त्याच क्षणी कळलं. कुणी म्हणेल तरुण होते, घाईत होते, लक्षात आलं नसेल. तसं नाही. पायाखालची जमीन सरकावी इतकं स्वच्छ कळलं. साठ पानं पुन्हा जुळवायची, पुन्हा प्रूफं काढायची म्हणजे तीन आठवडे. आणि कायम होण्याची फाईल पुढच्या शुक्रवारी वर जायची होती. त्यात एका फ्रेंच न येणाऱ्या माणसाने बाकावर बसून पाच मिनिटांत माझी चोरी पकडली होती. नाकाला मिरच्या झोंबल्या.

“काका, तुम्हाला फ्रेंच येतं का?”

“नाही, बाई.”

“मग?”

मी त्यांच्याच खिशातलं पेन मागून घेतलं आणि पानाच्या डोक्यावर लिहिलं, ‘जसे आहे तसे छापा’. खाली सही, तारीख. काकांनी सही वाळेपर्यंत फुंकर घातली, पान फाईलमध्ये ठेवलं, आणि म्हणाले, “येतो, बाई.” शब्दात कुठेही ठेच नव्हती.

पुस्तक निघालं. मी कायम झाले. माझ्या स्वतःच्या वर्गात काहीच बिघडलं नाही, कारण मी तोंडाने बरोबर शिकवत होते. पण पुस्तक आणखी सहा शाळांनी लावलं होतं, आणि तिथले शिक्षक बिचारे पुस्तकावर विसंबून होते. वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी लिहिलं, की या मुलांनी क्रियापदांच्या मुक्या शेपट्यांना वाचा फोडली आहे. ‘पार्ल’ म्हणायचं सोडून शाळाच्या शाळा ‘पार्लाँ’ म्हणते आहे. सोबत माझ्या पुस्तकाची पानं जोडलेली. सहाही शाळांनी छापखान्याला कळवलं की खुलासा करा, नाहीतर पुस्तक परत घ्या.

मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांची खोली म्हणजे काचेची पेटीच. आतलं बोलणं अख्ख्या छापखान्याला दिसायचं. मी खुर्चीवर. काका उभे, काखेत तीच फाईल, तिची पिवळी नाडी लोंबत होती. मला त्या नाडीशिवाय काही दिसत नव्हतं.

“हे झालं कसं?” मालक म्हणाले.

आता मी क्रियापदांवर पुस्तक लिहिलेली बाई. वाक्यातून कर्ता कसा गायब करायचा हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी म्हणाले, “ओळीच्या शेवटी तोडायच्या रेघा तक्त्यांमध्ये आल्या असाव्यात.”

आल्या असाव्यात. रेघाच त्या, चालत आल्या. मी कुणाचं नावही घेतलं नव्हतं. पण त्या छापखान्यात रेघ म्हटलं की दुसरं नाव कुणाचं असणार होतं?

“काका?” मालक वळले.

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. समासात निळ्या पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढताना बघायचे तसं. थांबलेही थोडे, मला उत्तर द्यायला वेळ मिळावा म्हणून. मी टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले.

“रेघांचं काम माझ्याकडे असतं, मालक,” ते म्हणाले. यात एक अक्षरही खोटं नव्हतं. नाडी त्यांनी सोडली नाही.

माझा जीव भांड्यात पडला. हेही लिहायलाच हवं. त्या क्षणी मला वाईट वाटलं नाही, सुटल्यासारखं वाटलं. घरी आईला सांगितलं, तर भाजी निवडता निवडता ती म्हणाली, “चला, तुझ्यावर नाही ना आलं?” मी नाही म्हणाले, आणि पोटभर जेवले.

शाळांना शुद्धिपत्र पाठवायचं ठरलं. मजकूर मीच लिहून दिला: ‘मुद्रणदोषामुळे काही रूपे चुकीच्या ठिकाणी तोडली गेली आहेत.’ त्याचं प्रूफ काकांच्या हातून शेवटचं गेलं. माझ्याकडे आलं तेव्हा ‘मुद्रणदोषामुळे’ या शब्दाशेजारी बारीक निळं प्रश्नचिन्ह होतं. बारीक म्हणजे इतकं बारीक, की मला दिसावं आणि मालकांना दिसू नये. मी खोडरबर घेतलं. निळी पेन्सिल सहसा पुसली जात नाही, फरफटते. एक निळसर डाग राहिला, त्याच्यावर मी सही केली.

मालकांनी काकांना काढलं नाही. जुना माणूस म्हणून बांधणीच्या खोलीत पाठवलं. पहिलं काम दिलं ते हेच. माझ्या पुस्तकाच्या शिल्लक बाराशे प्रतींत एकेक करून ते शुद्धिपत्र चिकटवायचं. मी एकदा बांधणीच्या खोलीवरून गेले. ब्रशने खळ लावायची, चिठ्ठी ठेवायची, तळहाताने दाबायची, प्रत बाजूला. ‘मुद्रणदोषामुळे’, बाराशे वेळा. चिठ्ठी किंचितही तिरकी नव्हती. खिशात पेन्सिली नव्हत्या.

“काय बाई, बरं आहे ना?” त्यांनी वर बघून विचारलं.

“हो, काका. तुम्ही?”

“आमचं काय, मजेत. इथे वाचावं लागत नाही, डोळ्यांना आराम.”

निवृत्त होईपर्यंत चार वर्षं ते तिथेच होते. दर वेळी मला असंच विचारायचे. ते फुगून बसले असते, चारचौघांत माझी शोभा केली असती, तर मी कदाचित भांडून मोकळी झाले असते. ते मला बाई म्हणत राहिले आणि मी चढत गेले, वरिष्ठ झाले, विभागप्रमुख झाले. पुढच्या आवृत्तीत तक्ते दुरुस्त केले, मुखपृष्ठावर ‘सुधारित’ असं छापून घेतलं. किती वेळा ठरवलं की जायचं, सांगायचं. दर वेळी काही ना काही निघायचं. परीक्षा निघायच्या, सर्दी निघायची. निमित्तं काढण्यात माझा हात कुणी धरला नसता.

आणि परवा तो फोन. त्यांचं नाव गेलं होतंच, पण आता ते चुकीचंच नाव झालं होतं, आणि ज्यांनी त्यांना कधी पाहिलंही नाही अशी माणसं ते हसत वापरत होती.

काल दुपारी मी गेले. दुसरा मजला, जिन्यात कुंड्या. दार त्यांच्या बायकोने उघडलं. तिने मला ओळखलं, दारातून बाजूला मात्र झाली नाही.

“बावीस वर्षं लागली का घर सापडायला?”

“काकू, मला काकांशी...”

“ऐकू येत नाही त्यांना आता. जे काय सांगायचं ते लिहून द्यावं लागेल.” मग आवाज उतरला. “त्या दिवशी फाईल काखेत घेऊन गेले होते. तुमची सही होती आत. परत आले तशीच बांधलेली. मी डोकं आपटलं, म्हटलं, दाखवली का नाहीत? तर म्हणे, सही लेखकाची आहे, सांगायचं तर तिनं सांगावं. मी विचारलं आहे दोनदा. तिसऱ्यांदा विचारणं बरं दिसत नाही.” तिने डोळे पुसले नाहीत, नुसती माझ्याकडे बघत राहिली. “मला तुमचा फार राग आहे, बाई. या आत.”

काका खिडकीशी बसले होते. औषधाच्या खोक्यातला माहितीचा कागद मांडीवर पसरून, स्टीलची पट्टी ओळीखाली सरकवत त्यातल्या चुका काढत होते. किती बारीक झाले होते. मला बघून चेहरा उजळला. “अरे वा, बाई! बसा, बसा!” ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे मोठ्याने. खुर्चीच्या हाताला दोरीने एक वही बांधली होती, पाहुण्यांना लिहायला. तिच्यातली पानं मी उलटून पाहिली नाहीत, पण वरच्याच पानावर कुणीतरी लिहिलं होतं, ‘दुध फाटलंय’, आणि काकांनी त्यातलं एक अक्षर लाल करून ठेवलं होतं.

मी कोरं पान काढलं. मनात शंभर वेळा घोकलेलं वाक्य लिहिलं: ‘काका, ती चूक छपाईची नव्हती. माझ्याकडून झाली होती. मला माफ करा.’

वही त्यांच्याकडे दिली. त्यांनी चष्मा सारखा केला आणि पट्टी ओळीखाली ठेवली. वाचायला फार वेळ लावला. मग सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि पेन्सिल काढली. निळी.

‘झाली होती’ या शब्दांखाली त्यांनी हलकी रेघ ओढली. समासात लिहिलं, ‘केली होती?’

आणि वही परत माझ्या मांडीवर ठेवून, हात गुडघ्यांवर घेऊन बसले. घाई नव्हती. काकू दाराला टेकून उभ्या होत्या.

इतकी वर्षं मी मुलांना क्रियापदं शिकवते आहे. माझी कुणीही, कुठल्याही भाषेत, एवढी अचूक दुरुस्ती केलेली नाही. रडू आलं, ते आवरलंही नाही. पेन्सिल मागून घेतली, ‘माझ्याकडून झाली होती’ हे शब्द सरळ खोडले आणि वर लिहिलं: ‘मी केली होती. कळून केली होती.’ खाली सही केली, तारीख घातली.

काकांनी ते वाचलं. मान हलवली, प्रूफ पास करताना हलवायचे तशी. मग वहीतून ते पान कडेकडेने, पट्टी लावून, सरळ फाडलं, आणि डोळे बारीक करून, अगदी कामाचा माणूस कामाचं विचारतो तसं विचारलं, “हे किती प्रतींना लावायचं, बाई?”

“सगळ्या,” मी म्हणाले.

त्यांनी कानामागे हात धरला. ऐकू गेलं नव्हतं. म्हणून मी त्याच पानाखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, सगळ्या, आणि ते पान पहिल्या पानाच्या आधी लावायला छापखान्यात पाठवलं आहे.